हिरड्यांच्या रंगाची रेकॉर्ड

खिळा तुमचाच होता. नाही म्हणू नका. रेडिओच्या त्या जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, जाड पडदे ओढून तुम्ही समिती बसवलीत, चहा मागवलात आणि जी गाणी तुम्हाला सोसली नाहीत त्यांच्यावर खिळा फिरवलात. बंदी कागदावर घातली असती तर पुढे कुणीतरी तो कागद फाडला असता. तुम्ही शहाणे. तुम्ही रेकॉर्डच्या अंगावरच चरा ओढलात, खोल, गाण्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत, म्हणजे उद्या तुमचीच मती फिरली तरी ते गाणं वाजू नये. मग इमारत बदलताना सगळा साठा भंगारवाल्याला किलोवर घातलात आणि हात झटकून मोकळे झालात.

भंगार उचकत बसणारं कुणी निघेल, हे तुमच्या डोक्यात आलं नाही. भिंगरी तुम्हाला ठाऊक नव्हती.

भिंगरी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. लहानपणापासून पायाला भिंगरी, म्हणून भिंगरी. चाळिशी उलटली, केसांत पांढरे आले, तरी बाई एका जागी बसेल तर शपथ. जेवायची उभ्याने, फोनवर बोलायची खोलीभर फिरत. तिचं बूड टेकायचं ते दोनच ठिकाणी. एक दातांच्या लॅबमध्ये, जिथे ती लोकांच्या कवळ्या बनवायची. आणि दुसरं घरी, रेकॉर्ड प्लेअरपुढे, जमिनीवर.

वेड एकाच तऱ्हेच्या गाण्यांचं. सोल. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायाबाप्यांनी देवापुढे गायची गाणी उचलली आणि माणसापुढे गायली, त्या जुन्या रेकॉर्डी. त्यात बाई रडते तेव्हा लाजत नाही, आणि नवऱ्याला सुनावते तेव्हा पाठीमागची पितळी वाद्यंसुद्धा तिची बाजू घेऊन भांडतात. हे गाणं भिंगरीला नव्या कोऱ्या रेकॉर्डवर नको असायचं. तिला वापरलेली हवी. दुकानात खोकं दिसलं की ती उकिडवी बसायची, रेकॉर्ड तळव्यांच्या कडांनी धरायची, ट्यूबलाइटखाली तिरकी करायची, मधल्या भोकाभोवतीचे पांढुरके ओरखडे बघायची. जितके ओरखडे, तितक्यांदा कुणीतरी ती अंदाजाने प्लेअरच्या खुंटीवर बसवलेली. कव्हर नाकाला लावून बुरशी हुंगायची. घरी आणून मऊ ब्रशने धुवायची आणि ताटं निथळायच्या जाळीत उभी करायची.

"ताटांना जागा ठेव," आई म्हणायची. "दुसऱ्यांनी उष्टावलेल्या तबकड्या घरात आणायच्या, धुवायच्या, पुसायच्या. भिकेचे डोहाळे नुसते."

तुमच्या भंगारातले शिक्का मारलेले अल्बम शहरभरच्या दुकानांत पसरले होते. त्यातले बरेच भिंगरीकडे आले. बहुतेक धड होते, काहींवर खिळा फिरला होता. त्यात एक अल्बम असा, की त्याची जी जी प्रत हाती लागली तिच्यावर दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं खरवडलेलं. कव्हरवर हिरव्या कोटातली बाई जिन्यात बसलेली, एका पायात बूट नाही. भिंगरीने पहिली प्रत घरी आणली तेव्हा आईने ते कव्हर हातातून घेतलं, भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि खोलीबाहेर गेली.

तेव्हाच भिंगरीला कळलं. ते हेच गाणं.

कारण आई तुमच्याकडेच होती. दुपारच्या कार्यक्रमाची निवेदिका. भिंगरी बोबडं बोलायची त्या वयात एका दुपारी आईने एक गाणं लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती घरी. एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक. बाबा हयात होते तोवर आल्यागेल्याला छाती फुगवून सांगायचे, "हिने साहेबांच्या तोंडावर गाणं मारलं!" आई मूग गिळून गप्प. पुढे तिने टायपिंग शिकवलं, शिवणकाम केलं, पण तो आवाज कुणासाठी काढला नाही. कुणी कार्यक्रमात दोन शब्द बोला म्हटलं की घसा दाखवायची.

भिंगरीला एवढंच हवं होतं. ज्या गाण्यापायी आईचा आवाज गेला, ते गाणं एकदा ऐकायचं. फोनवर शोधलं. अल्बम होता, पण त्यात ते शेवटचं गाणंच नव्हतं. मूळ फीत हरवली म्हणे. आईला विचारलं तर आई म्हणायची, "कानाला खडा लावलाय मी. तूही लाव." खरवडलेली प्रत वाजवली तर सुई टणाटण उड्या मारायची आणि मधूनच एखादं अक्षर उसवल्यासारखं बाहेर पडायचं. भिंगरीचं डोकं उठायचं.

मग घड्याळकाकांकडे न खरवडलेली प्रत निघाली.

घड्याळकाका दुकानाच्या पुढच्या भागात घड्याळं दुरुस्त करायचे आणि मागच्या भागात रेकॉर्डी विकायचे, म्हणजे गिऱ्हाईकाशी भांडून न विकायचे. नाकाने कांदे सोलणारा माणूस. आता दुकान बंद करून मुलीकडे राहायला निघाले होते.

"जावयाच्या घरात मला पाठ टेकायला भिंत नाही, रेकॉर्डी कुठे टेकवू?" काका म्हणाले. बोलताना त्यांची वरची कवळी कट्कट् वाजायची. "सगळा माल एका परदेशी गिऱ्हाइकाला दिला. शनिवारी उचलणार. आणि ही बघ, ही त्याने आधीच मागून ठेवली आहे."

हिरव्या कोटातली बाई. कव्हरची कडाही दबलेली नाही. एक खलाशी घड्याळ दुरुस्तीला टाकून गेला, सोबत ही पिशवी ठेवून गेला, आणि परत आलाच नाही. काकांनी रेकॉर्ड बाहेर काढली, दिव्याखाली तिरकी केली. काळंभोर पाणी. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं जसंच्या तसं.

भिंगरी पुढे सरकली. "काका, लावा."

"वेडी का तू? भोकाभोवती बघ, एक ओरखडा नाही. न वाजलेली आहे, म्हणून तर घेतोय तो. सुई लागली की संपलं."

"तुम्ही ऐकली नाहीत?"

"नाही."

"इतकी वर्षं घरात ठेवून?"

"ठेवायची वस्तू आणि वाजवायची वस्तू वेगळी असते."

"गाणं आहे ते काका, लोणी नाही ठेवून द्यायला!"

"आवाज चढवू नकोस." कट्कट्. रागात काकांना स आणि च नीट म्हणता येईनात, तेव्हा त्यांनी कवळी काढून हातात घेतली आणि पोकळ तोंडाने म्हणाले, "सुई लागणार नाही म्हणजे नाही."

भिंगरी दुकानातल्या दुकानात चार फेऱ्या मारून आली. काकांच्या हातातल्या कवळीकडे बघत थांबली.

"सुई नको ना? ठीक. सुई लावतच नाही. माप घेते."

"कशाचं?"

"दाताचं घेतो तसं. रबराचा लगदा पसरायचा, घट्ट झाला की सोलून काढायचा. हिरडीवरची बारीक रेघसुद्धा उठते त्यात, ही खाच काय चीज आहे? खुंटीवर चढवायची नाही, फिरवायची नाही. तुमच्या गिऱ्हाइकाला पत्ता लागणार नाही."

"चिकटलं तर?"

"तोंडात नाही चिकटत."

"तोंड आणि रेकॉर्ड एक आहे होय?"

"तुमच्या या खुळखुळ्याच्या जागी नवी कवळी करून देते. वरची, खालची, दोन्ही. जावयापुढे सुपारी फोडाल."

काका कवळी हातात खेळवत राहिले. त्यांना रेकॉर्डीचा मोह होता, पण चावून खायलाही माणूस आसुसला होता. शेवटी त्यांनी तळातली एक फुटकळ रेकॉर्ड काढून पुढे सरकवली. "आधी हिच्यावर करून दाखव."

भिंगरीने लॅबच्या मालकाकडून दातांचं माप घ्यायच्या, मुदत संपत आलेल्या रबरी मसाल्याच्या नळ्या मागून आणल्या. फुटकळ रेकॉर्डवर लगदा पसरला, वाट बघितली, सोलला. काकांनी डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून रेकॉर्ड तपासली, पुसली, पुन्हा तपासली, आणि हिरव्या कोटातली बाई तिच्यापुढे ठेवली.

त्या दुपारी भिंगरी कामाला लागली. भोकात तिने मेणाची कांडी उभी केली, लेबलावर पातळ कागद ठेवला, कडेने मेणाची भिंत घातली. मग नळ्या दाबायच्या बंदुकीने जांभळा लगदा मधून बाहेर गोल गोल सोडत गेली, हवा अडकू नये म्हणून श्वास धरून. काका तिच्या मानेवर श्वास सोडत उभे. "हलू नकोस," ते म्हणत होते, आणि हलत तेच होते.

सोलताना चर्र आवाज झाला. काकांनी डोळे मिटून घेतले. रेकॉर्ड होती तशी काळीभोर. आणि भिंगरीच्या हातात जांभळं रबर, त्यावर उलटं उमटलेलं सगळं गाणं, खाचांच्या जागी उंचवटे. शनिवारी गिऱ्हाईक आलं आणि काकांचा माल घेऊन गेलं. आता शहरात ते गाणं फक्त त्या रबरात होतं.

इथे बाईने घोटाळा केला. हा घोटाळा दुसऱ्या कुणाला सुचलाही नसता.

साच्यात ओतायचं काय? कवळीसाठी वापरतात ते गुलाबी प्लास्टिक ओतायला हवं होतं. पण ते एवढ्या मोठ्या थाळीत पातळ ओतायचं तर सावकाश घट्ट होऊ द्यावं लागतं, हात न लावता, उद्यापर्यंत. उद्यापर्यंत कोण थांबतंय? लॅबमध्ये दातांचं माप आलं की पहिल्यांदा दगडी प्लास्टर ओततात, ते चहा होईस्तोवर कडक होतं. वर्षानुवर्षांची सवय, त्यात जीव टांगणीला लागलेला. तिने प्लास्टर कालवलं, ओतलं, सुटल्या सुटल्या कापडात गुंडाळलं आणि जवळजवळ पळतच घरी आली.

पांढरीशुभ्र रेकॉर्ड प्लेअरवर ठेवली. आई स्वयंपाकघरात भांडी लावत होती. भिंगरीने सुई शेवटच्या गाण्यावर टेकवली. खरखर. ढोलाचा एक ठोका. मग एका बाईचा आवाज, जवळ, कानाशी बोलल्यासारखा, "खोटं बो..." आणि सुईने प्लास्टर नांगरायला घेतलं. किर्रर्र करून ती आत रुतली, पिठाची रेघ उडाली, आवाज गेला. गाणं पीठ होऊन प्लेअरभर पसरलं.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

आई दारात आली. तिने पांढरी धूळ बघितली, तुटलेली सुई बघितली, मुलीच्या भुवयांवर बसलेलं प्लास्टर बघितलं.

"हे काय आहे?"

"तुझं गाणं."

"कुठून आणलंस?"

"सोलून आणलं. बसतेस का? की भिंतीकडे तोंड करतेस?"

"आगाऊपणा पुरे. बंद कर हे."

"का बंद करू? काय होतं त्यात ते सांग आणि मग बंद करते!"

"काही नव्हतं."

"काही नव्हतं म्हणून नोकरी गेली? बाबा काय वेडे होते, गावभर सांगत फिरायला?"

आई फडकं घेऊन आली आणि प्लेअर पुसू लागली. सुईचा दांडा दोन बोटांत अलगद उचलला, धुळीवर हलकेच फुंकर मारली, तबकडी मनगटाने थांबवली. हात कसे विसरतील? भिंगरी बघत राहिली. पुसून झाल्यावर आई म्हणाली, "परत लावू नकोस," आणि आत गेली.

भिंगरीने परत लावलं नसतं तर ती भिंगरी कसली.

सोमवारी तिने साचा भिंगाखाली धरला. प्लास्टर काढताना कडेला एक बोटभर चीर गेली होती. नशीब, चीर पहिल्या गाण्याशी होती. उंचवट्यांत अडकलेलं पांढरं पीठ तिने साबणाच्या पाण्यात सगळ्यांत मऊ ब्रशने काढलं. लॅबमधली पॉलिशवाली वहिनी हात कमरेवर ठेवून म्हणाली, "एवढ्या मायेने नवऱ्याचे दात केले असतेस तर तो टिकला असता."

"त्याला दात होते हीच तर अडचण होती," भिंगरी म्हणाली, आणि डोकं वर केलं नाही.

या वेळी गुलाबी प्लास्टिक. मध्ये धातूची कांडी, वर काच, काचेवर वजन. ओतलं, आणि मग खरी शिक्षा सुरू झाली. थांबायचं. ती लॅबमधून बाहेर पडली, परत आली, दार ढकलून बघितलं, निघाली. रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन वळली. घड्याळकाकांच्या खालच्या कवळीचे दात लावायला घेतले आणि डावीकडचे उजवीकडे लावले. घरी गेली तर आईशी बोलणं बंद. दोघी एकमेकींना ओलांडून साखर घेत होत्या. चीर पसरली असेल, हवा अडकली असेल, प्लास्टिक आकसलं असेल. दुसरी प्रत नाही. दुसरा साचा नाही. रबर एकदा फाटलं की तुमचा खिळा जिंकला. हेच तिच्या डोक्यात घणासारखं बसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने साचा सोलला. किंचित बशीसारखी वाकलेली, हिरड्यांच्या रंगाची रेकॉर्ड. उजेडात धरली तर खाचांवर इंद्रधनुष्य.

नवी सुई बसवून तिने ती घरी प्लेअरवर ठेवली. रेकॉर्ड वरखाली डोलत होती, सुईही तिच्याबरोबर लाटेवर डोलत होती. मागे पावलं वाजली. आई दारात नाही, आत येऊन उभी राहिली. भिंगरीने मागे वळून बघितलं नाही.

ढोलाचा ठोका. खरखरीतून ती बाई आली, अगदी शांतपणे. खोटं बोलतोस तू, आणि तुला ते धड बोलताही येत नाही. एवढंच. नवरा उशिरा घरी आलाय, कारणं देतोय, आणि बाई त्याला एकेक कारण परत करतेय. गाडी बंद पडली म्हणतोस, मग बुटांना रेती कशी? पितळी वाद्यं प्रत्येक कारणावर 'अस्सं?' केल्यासारखी फुंकतायत. तिसऱ्या कारणावर गाणाऱ्या बाईला स्वतःलाच हसू फुटलं. शब्द सुटला, ताल पुढे गेला, ती हसतच राहिली.

आणि भिंगरीच्या मागे आई हसली.

खो खो, पोट धरून, भिंगरीने कधी न ऐकलेलं. ते दोन हसणारे आवाज एकमेकांत मिसळले आणि गाणं संपलं. सुई मधल्या कोऱ्या भागात फिरत राहिली. आई जमिनीवर बसली. तिने डोळे पुसले, पण हसण्याचं पाणी कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते कळेना.

"असंच झालं होतं," आई म्हणाली.

"काय?"

"त्या दुपारी साहेबांचं, तेव्हा राज्य चालवायचे त्यांचं, भाषण होतं. सगळं सुरळीत आहे, घरोघर पाणी आहे, लोक सुखात आहेत. आमच्या इमारतीत तेव्हा हात धुवायला पाणी नव्हतं. भाषण संपलं, मी यादीतली पुढची रेकॉर्ड लावली. नाव सांगायला माईक उघडला होता तो तसाच राहिला. आणि ही हसली, तेव्हा मी हसले. तेवढं सगळ्या शहराने ऐकलं."

"म्हणजे गाणं तू निवडलं नव्हतंस?"

"मी कोण निवडणार? यादी वरून यायची. तपासून, सह्या होऊन."

भिंगरी उठली, बसली, पुन्हा उठली. "म्हणजे तू त्यांच्या तोंडावर काही मारलं नव्हतंस. बाबा म्हणायचे..."

"तुझ्या बाबांचा ऊर भरून यायचा गं ते सांगताना. मी कशी सांगू त्यांना, की मी काही धाडस केलं नाही, मला नुसतं हसू आलं? त्यांनी विचारलं मला, त्या समितीने. कुणाला हसलात? म्हटलं, गाण्याला. तर एकमेकांकडे बघायला लागले. मग माझ्यासमोरच खिळा मागवला." आईने गुलाबी रेकॉर्डवर बोट न टेकता बोट फिरवलं. "धाडस केलं असतं तर बोलले असते गं. हसल्याबद्दल काय बोलायचं? लाज वाटायची."

"तुला? लाज तुला वाटायची?" भिंगरीचा आवाज फाटला. "चप्पल घाल."

"कशाला?"

"चप्पल घाल म्हणते ना!"

तुमची नवी इमारत काचेची आहे. आत थंड हवा, झुळझुळीत वाद्यसंगीत, टेबलामागे तरणीताठी मुलगी. तिने भिंगरीला विचारलं, "कुणाला भेटायचंय, मॅडम?" भिंगरीने तोंड उघडलं. आईने तिच्या दंडावर हात ठेवून तिला मागे सारलं, काचेतल्या जाळीदार झडपेशी वाकली, आणि जो आवाज या बाईने इतकी वर्षं घशात दाबून ठेवला होता तो काढला. ठणठणीत, एकेक अक्षर सुटं. दाराशी उभा रखवालदार वळून बघू लागला. टेबलामागच्या मुलीने वाद्यसंगीत बारीक केलं.

"मी इथे निवेदिका होते. एका गाण्यापायी मला तुम्ही काढलं आणि ते गाणं खिळ्याने खरवडलं. मी आज ते ऐकून आले आहे. त्यात एक बाई तिच्या नवऱ्याला खोटारडा म्हणते. साहेबांचं नाव त्यात नाही, तुमचं नाव नाही, कुणाचंच नाही. यादी तुमची होती, सह्या तुमच्या होत्या. मला वरच्या मजल्यावर जो कोणी बसतो त्याला एकच विचारायचं आहे, आणि उत्तर घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही. खोटारडा म्हटल्यावर ते तुमच्या साहेबांबद्दलच आहे, हे तुम्ही ओळखलंत कसं? बोला."